भुयाराच्या तोंडाशी कासाबाई

कासाबाईनं भाकरी थापून तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवायला हात तांब्यात बुडवला, आणि तो हात तांब्यातच राहिला.

वरच्या अंगाच्या लिंबाकडून आधी काहीतरी धपकन पडल्याचा आवाज आला. मग चांदी शेळी एकदाच ओरडली. मग तिच्या गळ्यातली घंटी वाजू लागली, पण पाला ओढताना वाजते तशी मोकळी नव्हे. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणी बोलावं तशी, घुमत, खालून. आधी घाईघाईनं वाजली, मग सावकाश, आणि मग वाजायची थांबली.

"कासे, भाकर करपायलीय गं!" सासू अंबाबाई मेंढरं कोंडायच्या जाळीच्या, वाघुरीच्या, दोऱ्या गुंडाळता गुंडाळता ओरडली. कासाबाईनं तवाही उतरवला नाही. ओल्या हातानंच ती लिंबाकडं पळत सुटली.

चैत्र होता. ज्वारीची रानं मोकळी झाली होती आणि बिरू धनगराचा वाडा पेडगावच्या शिवारात माणिकराव पाटलाच्या वावरात उतरला होता. उन्हाळ्यात मेंढरं रात्रभर वावरात बसवायची, लेंड्यामुतानं रान खतावायचं, त्याबदल्यात पाटलानं जवारी घालायची, ही रीत बिरूच्या आज्यापासूनची. पोलीस ॲक्शन होऊन सहा-सात वर्षं लोटली होती, निजामाचं राज्य गेलं होतं, तहसिलीवरचं निशाण बदललं होतं. मेंढरांची वाट मात्र तीच होती. वाड्यात माणसं मोजकी. बिरू, त्याची बायको कासाबाई, आई अंबाबाई आणि थोरला भाऊ ग्यानबा. ग्यानबाची बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती, म्हणून चूल एकट्या कासाबाईच्या गळ्यात होती.

वावराच्या वरच्या अंगाला जुनी पांढर होती. कोण्या काळी तिथं गाव होतं म्हणत. आता नुसती खापरं, विखुरलेले दगड आणि एक दांडगा लिंब. चांदी त्याच लिंबाला मागच्या दोन पायांवर उभी राहून पाला ओढत होती आणि तिच्या पायाखालची जमीनच गेली होती.

कासाबाई पोचली तोवर बिरू भोकाशी पालथा पडून आत बघत होता. "चांदे! ए चांदे!" त्याची हाक आत जाऊन मोठी होऊन परत आली. चांदी काही बोलली नाही.

भोक डाल्याएवढं होतं. पण त्याच्या कडेला माती नव्हती, मुरूम नव्हता. घडीव काळा चिरा होता, आणि त्याखाली दुसरा, आणि त्याखाली तिसरा. चुन्याचा ठिपूस नाही, तरी सुरीचं पातं शिरू नये असे बसवलेले. त्याखाली काळोख. काळोखातून गार वास येत होता, बंद देवळाचा येतो तसा.

"पाय मोडून पडली आसंल," बिरू म्हणाला. "दोर आणतो."

"थांबा," कासाबाई म्हणाली.

पण तिचं कोण ऐकतं! माणिकरावाचा सालगडी सटवाजी बैल पाण्यावर न्यायला आला होता. त्यानं भोकात डोकावलं मात्र, बैल तिथंच सोडून तो गावाकडं पळाला. सूर्य हातभर वर यायच्या आत अर्धं गाव पांढरीवर जमलं. बाया लेकरं कडेवर घेऊन आल्या, म्हातारे काठ्या टेकत आले, आणि माणिकराव स्वतः, फेटा न बांधताच.

"चिरेबंदी हाय की रं," माणिकराव वाकून म्हणाले. "आमच्या आजोबालाबी ठावं नव्हतं."

"भुयार हाय, मालक," सटवाजीचे डोळे चमकत होते. "रझाकाराच्या धामधुमीत किती लोकांनी काय काय पुरलं आन् ते पुरणारं परत आलंच न्हाई. ह्यात हंडे आसणार. शंभर टक्के."

"हंड्यावर नाग आसतो बाबा," एक म्हातारा म्हणाला.

"नाग माझ्याकडं. हंडा तुमच्याकडं," सटवाजी म्हणाला, आणि लोक हसले.

माणिकराव सरळ मनाचे होते. ते म्हणाले, "हे बघा, वावर माझं हाय, शेळी बिरूची हाय. जो खाली उतरंल त्याला मी रिकाम्या हातानं धाडणार न्हाई. पर कुणाची जबरी न्हाई."

सटवाजीनं बिरूकडं बघितलं. "मी उतरतो. धनगराचं काळीज मेंढरावानी आसतंय. कुठं उगं तरास द्यायचा."

बिरूचं तोंड लाल झालं. "शेळी माझी हाय. मीच उतरणार." आणि तो दोर कमरेला बांधू लागला.

कासाबाईनं दोराचं दुसरं टोक धरलं. "अवो, उतरू नगा. आत हवा वाईट हाय. घंटी कशी थांबली तुमी ऐकलं न्हाई. आदी कंदील सोडा. दिवा जगतो का बघा."

"दिवसाढवळ्या कंदील!" सटवाजी म्हणाला. "वैनी, आमी काय वरात काढायलाव?"

"कंदील आणंपातुर चांदी जाईल," बिरू म्हणाला. "सोड. चारचौघांत काय लावलंयस हे."

कासाबाई बोलणारी बाई नव्हती. तिचं माहेर बोरीचं. तिथं तिचा बाप लोकांच्या पेवांतून जवारी काढून द्यायच्या कामाला जायचा. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. वरून तोंड लहान, खाली पोट मोठं. एका चैत्रात पेव उघडलं, बाप खाली उतरला, आणि तोंडाशी टोपलीचा दोर धरून कासा उभी राहिली. "टोपली सोड गं," बापानं खालून सांगितलं. तिनं सोडली. भरली असेल म्हणून ओढली तर टोपली रिकामी वर आली. तिनं पुन्हा सोडली. पुन्हा रिकामी. तिला वाटलं, बाप चेष्टा करतोय. ती हसलीसुद्धा. मग चुलता आला, त्यानं हाक मारली, आणि भावाला काढायला तो घाईनं उतरला. तोही वर आला नाही.

नंतर गावानं दिवा सोडला. डहाळ्यांनी हवा घुसळली, मग दोघांना वर काढलं. दोघांच्या अंगावर ओरखडाही नव्हता. झोपल्यासारखे दिसत होते. त्या दिवसापासून कासाबाई कुठल्याच अंधाऱ्या जागी एकटी जात नसे. रांजणात वाकून तळाचं पाणी काढायचं झालं तरी ती आधी तोंड बाजूला करून श्वास घ्यायची. सासरी ही हकिगत सगळ्यांना ठाऊक होती, पण ठाऊक असणं आणि ऐन वेळी आठवणं ह्यांत लय अंतर असतं.

"माझा बाप असाच गेला," ती म्हणाली.

"ते जवारीचं पेव हुतं," सटवाजी म्हणाला. "जवारी उबवते, वाफ सोडते. हितं दगडाची खोली हाय. दगड काय उबवतोय?"

लोकांना सटवाजीचं पटलं. बिरूनं दोराची गाठ आवळली, पाय भोकात सोडले, आणि बाकीच्या गड्यांनी दोर धरला.

तेव्हा कासाबाईनं जे केलं ते तिनं ठरवून केलं नव्हतं. अंबाबाई मागोमाग येऊन शेजारीच बसली होती. तिच्या कमरेला बिरोबाच्या भंडाऱ्याची पिशवी कायम असे. कासाबाईनं झडप घालून ती ओढली, मूठभर भंडारा काढला, भोकाच्या तोंडावर भिरकावला. बिरूच्या डोक्यावर, खांद्यावर पिवळा धुरळा झाला. तिनं बुचड्याचं टोक ओढलं, केस पाठीवर मोकळे पडले, आणि ती घुमू लागली.

"माझ्या घरात कोण शिरायलाय!" ती ओरडली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "बिरोबा हाय मी! दिवा जगल्याबिगर जो पाय ठेवील त्याला खातो!"

दोर धरलेले गडी दोर टाकून मागं सरले. बिरू दोन्ही हातांनी चिऱ्याला धरून लटकला आणि कसाबसा वर आला. बायांनी लेकरं पोटाशी धरली. माणिकरावांनी हात जोडले.

"देवा, चुकलं," बिरू म्हणाला. लग्न झाल्यापासून बायकोच्या अंगात देव आल्याचं त्यानं कधी बघितलं नव्हतं.

अंगात येणं ही अंबाबाईची बाब होती. जत्रेला ढोल वाजला की देव तिच्या अंगात येई, आणि ते खरं येणं होतं. सारा धनगरवाडा ते मानत असे. कासाबाई ते वर्षानुवर्षं बघत आली होती. मान कशी पडते, दम कसा लागतो, सगळं तिला पाठ होतं. म्हणून ती घुमत राहिली, आणि मनात म्हणत राहिली, देवा, तू माझ्या तोंडात न्हाईस हे तुला ठावं हाय आन् मला ठावं हाय. ह्या माणसाला एवढं वर राहू दे, मग माझं काय करायचं ते कर.

तेवढ्यात नदीकडून घोंगडं खांद्यावर टाकून ग्यानबा धावत आला. मेंढरं पाण्यावर सोडून आला होता. "काय झालं? काय झालं?" करत तो गर्दी फोडून थेट पुढं आला.

थोरला दीर समोर दिसला, आणि घुमता घुमता कासाबाईचा हात आपोआप मागं गेला. तिनं पदर ओढून मोकळ्या केसांवरून डोक्यावर घेतला.

सटवाजीनं मान वाकडी केली. "आता गं बया! देव पदर घेतो व्हय?"

एकीनं तोंडावर हात धरला. दुसरी खुदकन हसली. बिरूनं बायकोकडं नीट निरखून बघितलं आणि त्याचा हात पुन्हा दोराकडं गेला. कासाबाईला वाटलं, संपलं. तिचं घुमणं थांबत आलं.

"अरं मुडद्या!" अंबाबाई उठली. तिची काठी सटवाजीच्या नाकापुढं आली. "बाईच्या अंगात आला तर बाईची मर्यादा पाळंल का न्हाई देव? थोरल्या दिराम्होरं उघड्या डोक्यानं नाचंल? तू नाचचील! तुला कुठली आलीय मर्यादा! पाटलाच्या पंगतीत पाटलाआदी पाट धरतोस!"

लोक सटवाजीला हसले. आणि मग अंबाबाईनं काठी खाली ठेवली, गुडघे टेकले आणि सगळ्यांदेखत सुनेच्या पायांवर डोकं ठेवलं.

"बिरोबाच्या नावानं चांगभलं! देवा, तू म्हणशील तसं. दिवा सोडतो आमी."

सासूचं कपाळ पायाला लागलं आणि कासाबाईच्या अंगावर खरोखर काटा आला. आतापर्यंत ती बिरूसाठी भीत होती. आता ती देवाला भ्याली.

कंदील आणायला माणूस पळाला. पण देव एकदा बोलू लागला म्हटल्यावर लोक त्याला सोडतात होय? एक जण पुढं आला. "देवा, माझी म्हैस गाभण हाय, रेडा व्हईल का रेडी?" दुसरा म्हणाला, "देवा, भावकीतला बांध..." कासाबाई नुसती हुंकारत राहिली, ज्याचा जो अर्थ लावायचा तो त्यानं लावला. मग माणिकरावांची बायको धुरपताबाई पुढं झाली. एवढ्या मोठ्या घरची बाई, पण पदराचं टोक मुठीत धरून उभी होती. "देवा, माझी तानू... गंगाखेडला दिलीय. लय वर्सं झाली. तिची कूस उजवंल का? सासरची दुसरी करायला निघालेत."

कासाबाईनं डोळे मिटले होते, पण तिला धुरपताबाईचा श्वास ऐकू येत होता. व्हय म्हणणं सोपं होतं. न्हाई म्हणणंही. पण जीव वाचवायला घेतलेलं नाव असं कुणाच्या आशेवर उधळायचं धाडस तिला होईना. तिनं दोन्ही हात वर केले, "चाललो," म्हणाली, आणि मातीत कोसळली. अंबाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. "झालं. देव गेला. बाईला वारा येऊ द्या."

कंदील आला. ग्यानबानं तो दोराला बांधून हळूहळू खाली सोडला. सगळे वाकून बघत होते. काचेतली ज्योत चिऱ्यांवरून खाली उतरत गेली, एका खांबाचा कोपरा दिसला, एक कोनाडा दिसला. कंदील जमिनीपासून माणूसभर उंच असेल नसेल, तोच ज्योत लांब झाली, तांबडी झाली, आणि विझली. कुणी फुंकल्यासारखी नव्हे. निजल्यासारखी.

सटवाजीच्या तोंडचं पाणी पळालं. "मालक... मी उतरणार हुतो."

"मी उतरलोच हुतो," बिरू म्हणाला, आणि खाली बसला.

त्या दिवशी मग हंड्यांचं नाव कुणी काढलं नाही. कासाबाईनं कुजबुजत अंबाबाईला सांगायचं आणि अंबाबाईनं मोठ्यानं, असं काम सुरू झालं. भोकाच्या कडेचे सैल चिरे आधी पहारीनं उचलून बाजूला केले, कुणाच्या डोक्यात पडू नयेत म्हणून. लेकरांना दूर हाकललं. लिंबाच्या डहाळ्यांचा मोठा भारा दोराला बांधून आत सोडायचा, वर ओढायचा, पुन्हा सोडायचा. डेऱ्यात रवी फिरते तसा. गडी पाळीपाळीनं ओढत होते, घामानं निथळत होते. संध्याकाळी तोंडाभोवती काट्यांचं कुंपण केलं आणि भोक रात्रभर उघडं ठेवलं.

सकाळी दिवा थोडा खाली गेला, पण तळाशी पुन्हा विझला. तेव्हा सटवाजीलाच सुचलं. "मालक, येवढी चिरेबंदी खोली बांधली तर वरच्या भोकातून का उतरत आसतील? दार आसलंच की." त्यानं पांढरीच्या उताराला कुदळ लावली. कालची चूक धुऊन काढायची म्हणून तो असा खणत होता की त्याला कुणी थांबवलं असतं तरी थांबला नसता. दुपारपर्यंत दगडी उंबरा लागला, वर आडवी शिळा, मधे गच्च भरलेली माती. माती उपसली तसा आतून गार वारा सुटला, आणि वरच्या भोकातून वाळका पाला उडाला. हवेला वाट मिळाली होती.

आता कंदील तळाला टेकला आणि जळत राहिला. माणिकरावांनी चिलीम भरली, ओढून संपवली, राख झटकली, तरी तो जळतच होता.

"चला, उतरा," बिरू म्हणाला.

"आदी तिनं," माणिकराव म्हणाले. "देवाचा हुकूम तिच्या तोंडून आला. आदी पाय तिचाच लागला पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्या अंधारात कुणी उतरू नये म्हणून तिनं देवाचं नाव घेतलं, त्याच अंधारात जायचं, आणि तेही पुढं होऊन. नाही म्हणावं तर देव खोटा पडतो. तिनं अंबाबाईकडं बघितलं. अंबाबाई जमिनीकडं बघत होती.

बिरूनं दोर उचलला आणि स्वतःच्या हातानं तिच्या कमरेला बांधला. चारचौघांत. गाठ दोनदा तपासली.

"बोलत राहा," तो हळूच म्हणाला. "गप झालीस की ओढीन."

"काय बोलू?"

"कायबी. मेंढरांची नावं घे."

ती उताराच्या दारातून वाकून आत शिरली. कंदील तिनं गुडघ्यापाशी धरला होता, कारण वाईट हवा खाली बसते. "काळी," ती म्हणाली. आवाज भिंतींवरून फिरून आला. "बांडी. मोरी. लंगडी. भुरी. थोरली भुरी. शिंगाडी." पायऱ्या झिजलेल्या होत्या, पण घट्ट. ती प्रत्येकीवर आधी पाय दाबून बघत होती. "कानतुटी. पाटलाची दिल्याली. तिच्या पाठची."

खाली जमीन लागली. कंदील वर धरला तसे खांब दिसले, चौकोनी, खाली जाड, वर निमुळते. भिंतीत ओळीनं कोनाडे, प्रत्येकात काजळी. किती वर्षांची कोण जाणे. बोट लावलं तर अजूनही काळं होत होतं. भिंतीकडेनं दगडी ओटा. छताला मधोमध कमळ कोरलेलं, पाकळी न् पाकळी जशीच्या तशी, कारण ते बघायला इतकी वर्षं कुणी आलंच नव्हतं. कोपऱ्यात मातीच्या रांजणांची खापरं आणि काळी पडलेली जवारी, बोटात धरली की भुकटी होणारी. कुण्या काळी कुणीतरी इथं धान्य ठेवलं होतं. त्याआधी कुणीतरी इथं दिवे लावले होते. हंडा नव्हता. नागही नव्हता.

आणि वरच्या भोकाखाली चांदी होती. पाय पोटाशी दुमडून, मान ओट्याला टेकवून बसली होती. मळ्यातल्या सावलीत रवंथ करत बसायची तशी. अंगावर कुठं रक्त नाही, पाय मोडलेला नाही, आणि श्वासही नाही.

कासाबाई गप झाली.

लगेच कमरेला जोरात हिसका बसला आणि ती बूड टेकून आपटली.

"अवो! हाय मी! कशाला ओढायलाव!"

"गप का झालीस मंग!" वरून बिरू ओरडला. त्याचा आवाज रडकुंडीचा होता. बाहेर लोक हसले, पण तो हसला नाही. "बोल! पुढची नावं घे!"

"संपली की नावं!"

"पहिल्यापासून घे!"

तिनं पुन्हा काळीपासून सुरुवात केली. म्हणता म्हणता तिनं कंदील एका कोनाड्यात ठेवला. ज्योत सरळ उभी राहिली. तिला एकदम वाटलं, बोरीच्या पेवात आधी असा एक दिवा कुणी ठेवला असता तर. ती त्या ज्योतीपुढं हात जोडून उभी राहिली, आणि मेंढरांच्या नावांच्या मधेच तिनं बापाचं नाव घेतलं, चुलत्याचंही घेतलं. वर कुणाला कळलं नाही. बिरूला कळलं असावं. दोर क्षणभर सैल झाला.

मग बाकीचे आले. सटवाजीनं सगळे कोपरे पायानं उकरले, ओटा ठोकून बघितला, आणि शेवटी त्या ओट्यावरच आडवा झाला. "हंडा न्हाई तर न्हाई. गार लय हाय. मालक, दुपारची भाकर आजपासून हितंच पाठवा." माणिकरावांनी तहसिलीत वर्दी दिली. काही दिवसांनी माणसं येऊन मापं घेऊन गेली. कुणी म्हणालं मठ असेल, कुणी म्हणालं राजाचं कोठार. काय होतं ते बांधणाऱ्यालाच ठाऊक.

चांदीला टोपलीत घालून वर काढलं. बिरूनं तिच्या अंगावरून हात फिरवला, चारी पाय चाचपले, कुठंच जखम सापडेना. मग गळ्यातली घंटी सोडून त्यानं ती कासाबाईच्या हातात दिली. चांदीची करडं दुसऱ्या शेळीला लावली होती. थोरल्या करडाच्या गळ्यात ती बांधायची, एवढंच म्हणाला.

चांदीला वर काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कासाबाई चुलीपाशी बसली होती. अंबाबाई शेजारी येऊन बसली.

"पदर घेतलास तवाच वळकलं मी," ती म्हणाली. "देव आला की माणसाला दीर दिसत न्हाई."

कासाबाईचा हात काटवटीतच थांबला. "मंग पाया का पडलाव, आत्याबाई?"

"माझा लेक भोकात लोंबकळायला हुता. तुझ्याच काय, सटवाजीच्याबी पाया पडले आसते." अंबाबाईनं जळतं लाकूड आत सारलं. "पर देवाचं नाव घेतलंस. ते काय उधारीत घ्यायचं नाव न्हाई. जाऊन सांग त्याला. मी सांगून चालायची न्हाई."

"रागवंल का?"

"मला काय ठावं? माझ्या अंगात येतो तवा तो मला काय इचारून येतोय?" मग ती थोडी थांबली. "बिरू जित्ता हाय. त्यावरनं तरी लय रागवल्याला दिसत न्हाई."

बिरोबाचं ठाणं पांढरीपलीकडच्या माळावर होतं. भाकऱ्या झाल्या, कासाबाईनं तवा उतरवला, चूल विझवली, पायांतल्या वहाणा काढून ठेवल्या आणि पिशवी घेतली. एवढ्यात बांधावरून धुरपताबाई येताना दिसली. सोबत कुणी गडी नाही, हातात खणानारळ नाही, एकटीच, उन्हातून.

"कासाबाई," ती म्हणाली, "त्या दिवशी देव न बोलताच गेला. तानूचं सांगायचं राहिलं. पुन्यांदा येईल का गं? तू म्हणशील तवा येते मी. म्हणशील ते आणते."

अंबाबाई चुलीपाशी तशीच बसून राहिली. कासाबाईनं धुरपताबाईच्या तोंडाकडं बघितलं. खरं सांगावं तर गावभर व्हायचं. न सांगावं तर ही बाई रोज उन्हात येत राहणार.

"मावशी," ती म्हणाली, "माझ्याकडं देव येत न्हाई."

धुरपताबाईला कळायला थोडा वेळ लागला. तिनं चुलीपाशी बसलेल्या अंबाबाईकडं बघितलं, वाघुरीपाशी उभ्या बिरूकडं बघितलं, आणि परत कासाबाईकडं. तिनं बरंच काही विचारलं असतं. पण ती नुसतं म्हणाली, "घरधनी वाचला ना तुझा. बास."

"देव माझ्याकडं येत न्हाई," कासाबाई म्हणाली, "पर मी त्याच्याकडं चाललेय. तानूचं नाव घालते तितं. त्यानं काय करायचं ते तो करंल."

धुरपताबाईनं मान हलवली. डोळ्यांना पदर लावला आणि आली त्या वाटेनं परत गेली.

माळावर जायच्या आधी नारळ हवे होते. कासाबाई अनवाणी पायांनी पेडगावच्या बाजाराला निघाली, दोन नारळ आणायला. एक बिरूचा आणि एक तानूच्या नावाचा.